लाल पाण्याचा जमादार

गणपत जमादाराला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बाजारातल्या विहिरीच्या काठावर उभा राहून पितळी तांब्यातलं पाणी उन्हात धरून बघत होता. पाणी गुलाबी दिसलं तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. गावच्या कमिटीत मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो; तो तिथलाच सफाईचा जमादार. दर चैत्रात, लग्नसराईच्या आधी, तो प्रत्येक विहिरीत पटकीची लाल दवा टाकायचा. दवा कचेरीच्या कपाटात होती आणि तो टाकत होता, एवढंच. तसं कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

पाणी भरणाऱ्या बायका त्याच्यावर खेकसायच्या, "मुडद्या, आमचं पाणी काऊन नासवून राह्यला?"

"नासवत नाई माय, राखून राह्यलो," असं म्हणून तो त्यांच्यासमोर अख्खा तांब्या पिऊन दाखवायचा. जानेफळकडे, सुलतानपूरकडे पटकी आल्याचं कानावर यायचं. आमच्या गावात मात्र ती आली नाही. गावाने याबद्दल दरवर्षी देवीला नवं लुगडं नेसवलं.

एका वर्षी कमिटीच्या अध्यक्षांच्या घरी लग्न होतं. पंगतीत वाढलेलं पाणी गुलाबी. वरपक्षातल्या एकाने विचारलं, "पाण्यात कुंकू कालवलं का हो?" सगळी पंगत हसली आणि अध्यक्षांचं तोंड उतरलं. पुढच्याच बैठकीत ते म्हणाले, "पटकी आहे कुठं? रोगी निघाला की टाका दवा." तसा ठराव झाला. जमादाराला लेखी ताकीद मिळाली. माझं अक्षर चांगलं, म्हणून दोन्ही कागद मीच लिहिले. कपाटाची किल्लीही माझ्याकडे आली.

पुढच्या चैत्रात जमादार कचेरीत आला. "बाबूजी, इहिरी तळाले गेल्या. किल्ली द्या."

"ठराव आहे, जमादार. रोगी निघाल्याशिवाय नाही."

"रोगी निघाल्यावर मंग राखाचं काय?"

तो तीनदा आला. माझी नोकरी कच्ची होती, घरात म्हातारी आई होती. किल्ली माझ्या कडोसरीलाच राहिली. त्याची लाज मला अजून वाटते.

वैशाखात पहिला रोगी निघाला. दुसरी जमादाराची बायको. मी किल्ली घेऊन धावत त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो तिच्या उशाशी बसून तिला चमच्याने पाणी पाजत होता. माझ्या हातातली किल्ली त्याने घेतली. मग शेजारणीला बसवून तो उठला आणि विहिरींकडे गेला. बायको दुसऱ्या दिवशी गेली.

अध्यक्षांचे पुतणे बापूसाहेब यांनी त्या साथीत खरोखर शर्थ केली. स्वतः दमणी हाकत मेहकरहून डॉक्टर आणला, शाळेत रोगी ठेवले, त्यांची घाण हाताने काढली. खोटं कशाला बोलू, किती तरी माणसं त्यांच्यामुळे वाचली. साथ ओसरल्यावर त्यांचा सत्कार ठरला. बुलढाण्याहून डेप्युटी कमिशनर साहेब येणार होते. मानपत्र अर्थातच माझ्या अक्षरात.

सभेआधी जमादार सतरंज्या अंथरत होता. माझ्या हातातला कागद पाहून थांबला.

"बाबूजी, याच्यात मागच्या सालचं काही लिव्हलं का?"

"मागच्या साली काय झालं होतं?"

"काही नाई झालं," तो म्हणाला. "तेच इचारून राह्यलो."

मी कागदाची घडी घातली. त्याने सतरंजीचा कोपरा ओढून सरळ केला आणि तो दुसरी आणायला गेला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी गणपत जमादार वारला. तोवर मी हेडक्लार्क झालो होतो. दुखवट्याच्या ठरावात चार बरे शब्द घालावेत म्हणून मी सगळं जुनं दप्तर काढून बसलो. त्याचं नाव एकाच कागदावर सापडलं: "विहिरींचे पाणी विनाकारण लाल केल्याबद्दल सक्त ताकीद." अक्षर सुरेख होतं.