पाहुण्यासमोर चालतं

वडिलांची द्राक्षबाग दिंडोरीजवळ होती. ऑक्टोबरच्या छाटणीआधी परत पोचवायचं, या अटीवर ते सप्टेंबरात जर्मनीला आले. मी डार्मश्टाटला राहते, थोरला भाऊ वोल्फ्सबुर्गला. बाग विकायला वडिलांचा होकार मिळवायचा, हे दादाने आधीच ठरवलं होतं. दक्षिण टिरोलची सहल त्याने त्यासाठीच आखली. वाइनच्या बागा बघून नाना खूश होतील, मग बोलणं सोपं जाईल, असं त्याला वाटत होतं.

आल्प्सचा घाट उतरल्यावर पाट्यांवर प्रत्येक गावाची दोन नावं दिसू लागली, एक जर्मन, एक इटालियन. देश इटली, पण बहुतेक घरांत भाषा जर्मन. दादाने गाडी चालवतानाच विषय काढला. आल्झो, म्हणजे असं बघा नाना, वय झालं, मजूर मिळत नाहीत, विकून टाका आणि इकडे या. वडील खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत होते. ही माणसं आपलं गाव कोणत्या नावाने सांगतात, एवढंच त्यांनी विचारलं. ज्याला जे सोयीचं, दादा म्हणाला.

बाग डोंगरउतारावर होती. वेली लाकडी मांडवावर चढवलेल्या, घड खाली लोंबत होते. वडील मांडवाखाली शिरले, एक पान उलटं करून पाहिलं. आपल्यासारखाच मांडव आहे, म्हणाले. मालक सत्तरीचा होता. तो जर्मनमध्ये बोलायचा, मी मराठीत सांगायचे. त्यांच्या घरात बागेचे तुकडे करत नाहीत. सगळी एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे जाते, बाकीचे आपापला हिस्सा पैशात घेऊन निघून जातात. त्याची बाग धाकट्या मुलीकडे गेली होती. आमच्यासमोर पेले मांडत होती, तीच ती.

कुणालाच नको असली तर काय करतात, हे वडिलांनी मला विचारायला सांगितलं. जाऊ दे ना, कशाला, दादा पुटपुटला. मी विचारलं. मालकाने खांदे उडवले. मग ती बाग राहत नाही, म्हणाला, नुसती जमीन राहते. तेही मी वडिलांना सांगितलं.

मुलीने तांबडी वाइन ओतली. वडिलांनी जन्मभर द्राक्षं पिकवली, वाइन चाखली नाही. दादाने त्यांच्यासमोर कधी पेल्याला हात लावला नव्हता. पन्नाशीला टेकलेला माणूस, पेला बाजूला सारून त्याने पाणी मागितलं. वाइन आवडली नाही का, असं मुलीने मला विचारलं.

वडिलांनी तो पेला उचलून दादापुढे ठेवला.

"घे."

"नको नाना. तुमच्यासमोर कसं?"

"बापासमोर घेत नाहीत. पाहुण्यासमोर चालतं. पाहुणाच आहे ना मी तुझ्याकडे?"

दादा हसला. मान वळवून त्याने एक घोट घेतला, मग सावकाश सगळा पेला संपवला. वडील थांबले होते.

"विकून टाक बाग," ते म्हणाले.

त्या वर्षी छाटणी झाली नाही. घेणाऱ्याने मांडव उपटून प्लॉट पाडले. वडील नाशिकला फ्लॅटमध्ये असतात, जर्मनीला पुन्हा आले नाहीत. दादाने निघताना त्या वाइनच्या काही बाटल्या घेतल्या होत्या. घरी मराठी मंडळी जेवायला आली की तो एक उघडतो, आणि आमचे नाना किती मोकळे आहेत, माझ्यापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने पेला ठेवला, हे सगळ्यांना सांगतो.