पडलीस तर माझ्या अंगावर

"पडलीस तर माझ्या अंगावर पडशील, सिमेंटवर नाय."

आमच्या वडाळ्याच्या सायकल ट्रॅकवर शर्यतीला उतरलेल्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं आहे. काका ते कानाजवळ येऊन, अगदी हळू म्हणायचे. त्यांचा एक हात सीटखाली आणि दुसरा हँडलवर असायचा. नजर मात्र शिट्टी वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे.

तुम्ही ट्रॅकची शर्यत पाहिली नसेल, तर थोडं सांगते. या सायकलला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरत राहतं, पाय थांबवायची सोय नाही. वर पाय पट्ट्यांनी पॅडलला बांधलेले. त्यामुळे सुरुवातीच्या रेषेवर सायकल उभी ठेवायला दुसरा माणूस लागतो. त्याने स्वाराला सरळ धरायचं आणि शिट्टी झाली की सोडायचं. ढकलायचं नाही, तो नियमभंग. ऐकायला हे काम काहीच वाटत नाही. पण धरणाऱ्याचा हात जरा अलीकडे-पलीकडे झाला की स्वार पहिल्या पॅडललाच हेलकावतो.

काकांनी हे काम बावीस वर्षं केलं. परळला रेल्वेच्या वर्कशॉपात ते फिटर होते, राहायला करी रोडच्या चाळीत. वर्कशॉपातला एक सोबती शर्यतीत उतरायचा, म्हणून एका रविवारी ते नुसते बघायला आले होते. धरणारा आला नव्हता. कुणीतरी म्हणालं, जरा धरा हो. त्यांनी धरलं. तो सोबती पुढच्या वर्षी बदली होऊन भुसावळला गेला, काका मात्र येतच राहिले.

ते स्वतः कधी शर्यतीत उतरले नाहीत. त्यांची सायकल काळी, उंच, मागे कॅरिअर असलेली. ती ट्रॅकच्या जाळीला टेकवून ते आमच्यासारख्यांना ऐकवायचे, "दोन ब्रेक आहेत. दोन्ही लागतात." आमच्या सायकलींना ब्रेक नाही याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ट्रॅक तेव्हाही जुनाच होता. वळणावर सिमेंट भिंतीसारखं चढत जायचं आणि भेगांतून गवत उगवलेलं असायचं. ती चढण बघून मी हँडल घट्ट आवळलं. काकांना ते हँडलवरच्या हातातूनच कळलं असावं. त्यांनी विचारलं, भीती वाटते का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "वाटू दे. पण वळणावर हळू होऊ नको. हळू झालीस की घसरशील. भीती वाटली की जोरात मार." मी शेवटून दुसरी आले. त्यांनी येऊन सायकल धरली, पायांच्या पट्ट्या सोडवल्या आणि विचारलं, जेवून आलीस का.

कुणालाही धरताना ते आपला-परका करायचे नाहीत. एकदा दुसऱ्या क्लबच्या माणसाने तक्रार केली, की काका आमच्या क्लबवाल्यांना हळूच ढकलतात. त्या दिवशीच्या पुढच्या प्रत्येक शर्यतीत काकांनी शिट्टी झाल्याबरोबर दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि स्वार पहिल्या वळणाला लागेपर्यंत तसेच ठेवले, पोलिसांनी पकडल्यासारखे. तक्रारवाला शेवटी स्वतःच येऊन म्हणाला, पुरे हो काका. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी परदेशातून सायकल आणवली होती. तिला कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. काका म्हणाले बरं, आणि दोन पावलं मागे सरले. डॉक्टर पट्ट्या बांधल्याबांधल्या सायकलसकट डावीकडे कलले. ते खाली पोचायच्या आत काका त्यांच्याखाली होते. सायकलला ओरखडा आला नाही. काकांचं कोपर सोललं. डॉक्टरांनी नंतर त्यांची दाढ फुकट काढून दिली, असं काका सांगायचे. काकू म्हणायच्या, "ट्रॅकवर सगळ्यांना धरतात. बाजारात माझी पिशवी कधी धरली नाय."

पुढे माझा गुडघा गेला. मी शर्यत सोडली आणि वेळ मोजणाऱ्यांच्या टेबलाशी बसू लागले. तिथून सुरुवातीची रेषा समोर दिसते. तिथूनच एका रविवारी मला ते दिसलं. रेषेवर उभ्या सायकलचं पुढचं चाक हलत होतं. बारीक, एकसारखं. मला वाटलं स्वार घाबरलाय. मग दुसरा स्वार आला, तिसरा आला, आणि चाक तसंच हलत राहिलं.

मी कुणाला बोलले नाही. आठवड्याभराने अस्मिताच माझ्याकडे आली. परळची मुलगी, कॉलेजात शिकणारी, त्या वर्षी आमच्याकडे तिच्याइतकं वेगवान कुणी नव्हतं. ती म्हणाली, "ताई, काकांचा हात हलतो. हँडलमधून मला कळतं." मी तिला विचारलं, मग दुसऱ्या कुणाला धरायला सांगू का. तिने नको म्हणून मान हलवली. म्हणाली, त्यांना काय वाटेल.

काकांनाही ठाऊक होतंच. रेषेवर नसले की ते तो हात खिशात ठेवू लागले होते. काकूंनी नंतर सांगितलं, की डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगून दोन महिने झाले होते. गोळ्या चालू होत्या. ट्रॅकवर कळवायचं नाही, अशी काकूंना ताकीद होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जणांना दिसत होतं तर एकाने तरी बोलायचं. खरं आहे. पण आम्हा बहुतेकांना त्यांनी पडताना झेललेलं होतं. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी अस्मिता रेषेवर होती. काकांनी धरलं होतं. त्यांनी कानाशी काही म्हटलं, ती हसली. शिट्टी झाली. तिने सगळा जोर पॅडलवर टाकला आणि त्याच क्षणी काकांच्या हँडलवरच्या हाताला झटका बसला. चाक आडवं झालं. ती काकांच्या बाजूला नाही, पलीकडे पडली. पाय पॅडलला बांधलेले, त्यामुळे खांदाच आधी सिमेंटला लागला. हाड मोडल्याचा आवाज मी टेबलाशी ऐकला.

काका हलले नाहीत. हात पुढे तसाच होता, काहीतरी धरल्यासारखा, आणि थरथरत होता.

खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडलं होतं. अस्मिताने हॉस्पिटलात सगळ्यांना सांगितलं, की तिचाच तोल गेला. आम्ही म्हटलं, पट्टी सैल होती. क्लबच्या सेक्रेटरींनी तर सिमेंटची भेग दाखवली. काका प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे आणि हो म्हणायचे. तिचे वडील सरळ माणूस. आवाज न चढवता ते सेक्रेटरींना एवढंच म्हणाले, की माझ्या मुलीला पुन्हा त्यांनी धरायचं नाही. यात त्यांचं काय चुकलं? मला आजही काही सापडत नाही.

क्लबच्या मंडळाने ठरवलं, काकांना थांबायला सांगायचं. कुणी सांगायचं, यावर सगळे माझ्याकडे बघू लागले. मी त्यांच्या शेजारच्या गल्लीत वाढलेली. मी हो म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळी मी चाळीत गेले. वाटेवर वाक्यं जुळवत गेले होते. काकूंनी चहा ठेवला. माझा कप भरलेला होता, काकांचा अर्धाच. तरी तो अर्धा चहाही त्यांच्या ओठांपर्यंत जाताना सदऱ्यावर सांडला. काकूंनी न बघता पदर पुढे केला. मी समोरच्या नव्या टॉवरबद्दल बोलले. पाणी किती वाजता येतं ते विचारलं. त्यांच्या डोंबिवलीच्या मुलाची चौकशी केली, सुनेची केली, नातवाची शाळा विचारली. विचारण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी उठले. काका म्हणाले, "रविवारी जरा लवकर येतो. शिट्टीच्या आधी एकदोघांना धरून बघतो, हात बसतोय का."

मी म्हटलं, "या काका."

काकू गॅलरीच्या टोकापर्यंत सोडायला आल्या. "सांगायला आली होतीस ना?" त्यांनी विचारलं. मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, "मला पण नाय जमलं."

मी मंडळाला खरं सांगायला हवं होतं, की माझ्याने झालं नाही. तेही सांगितलं नाही. त्यामुळे त्यांना वाटलं, काका येणारच नाहीत.

रविवारी काका सर्वांच्या आधी आले. सदरा इस्त्रीचा होता. पहिले दोन स्वार रेषेवर आले, तर दोघांच्या मागे दोन तरुण आधीच उभे. काका पहिल्याशी गेले. तो धरलेला होता. दुसऱ्याशी गेले. तोही धरलेला होता. पुढच्या जोडीच्या वेळी ते पुन्हा गेले आणि पुन्हा तसंच झालं. त्यांनी कुणाला बाजूला हो म्हटलं नाही. ते तरुणही बिचारे मान वर करेनात. मग काकांनी वळून टेबलाकडे, माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. ते चालू केलेलंही नव्हतं.

थोड्या वेळाने ते टेबलाशी आले. मला काय काय बोलतील या भीतीने मी ताठ बसले. त्यांनी फक्त विचारलं, काही काम आहे का. सेक्रेटरींनी घाईघाईने शेवटच्या फेरीची घंटा त्यांच्या हातात दिली. सगळ्यांत पुढचा स्वार शेवटची फेरी सुरू करेल तेव्हा वाजवायची, एवढंच काम. काकांनी घंटा उजव्या हातात घेतली, डाव्या हाताने आतला लोलक धरून ठेवला. दहा फेऱ्यांची शर्यत होती. आठवी फेरी सुरू झाली आणि दोन्ही हात एकदम हलायला लागले. लोलक सुटला. घंटा वाजतच राहिली. पुढच्यांना वाटलं, शेवटची फेरी. त्यांनी जीव तोडून सायकली मारल्या, रेषा ओलांडली आणि हात वर केले. मागचे दोघे फेऱ्या मोजणारे होते, ते तसेच पुढे गेले. जिंकलं कोण यावर गोंधळ झाला. कठड्यावरचे लोक हसले. त्यांना काही माहीत नव्हतं. मीही हसले असते.

काकांनी घंटा पोटाशी दाबून गप्प केली आणि टेबलावर आडवी ठेवली. "हे माझं काम नाय," ते म्हणाले आणि जाळीकडे निघाले.

अस्मिता हात गळ्यात बांधून शर्यत बघायला आली होती. ती त्यांच्यामागे गेली. त्यांची सायकल त्या दिवशी तिने एका हाताने फाटकापर्यंत ढकलत नेली. काय बोलले, ते तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. काका म्हणाले होते, "मी मुद्दाम नाय गं केलं. हातच ऐकत नाय." ती म्हणाली, माहीत आहे. ते म्हणाले, तुझ्या बाबांना सांग. तिने सांगितलं. तिचे बाबा म्हणाले, मला ते तेव्हाही माहीत होतं.

काका त्यानंतर ट्रॅकवर आले नाहीत. वर्षभरात मुलाने दोघांना डोंबिवलीला नेलं. अस्मिता पुन्हा शर्यतीत उतरली. पहिल्यासारखी सुटत मात्र नाही. शिट्टी झाली की क्षणभर थांबते. माझ्या घड्याळात तो क्षण दर वेळी दिसतो.

मागच्या दिवाळीनंतर मी डोंबिवलीला गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते. काका खुर्चीत होते, चेहरा लाकडासारखा झालेला. बोलायचे ते इतकं हळू की काकू मला ते पुन्हा सांगायच्या. मी विषय काढला. म्हटलं, काका, त्या गुरुवारी मी... त्यांनी बराच वेळ घेऊन काहीतरी म्हटलं. मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "विचारतायत, अस्मिताचं लग्न ठरलं का." मी म्हटलं, नाही अजून. मग मला पुन्हा सुरुवात करता आली नाही.

निघाले तेव्हा ते उठले. सून म्हणाली, बाबा बसा, तरी उठले. बारीक पावलं टाकत दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले. मी लिफ्टपाशी उभी राहून हात हलवला. लिफ्ट वर यायला वेळ लागत होता. ते तिथेच होते, मी पुन्हा हात हलवला. मला वाटलं, किती वेळ निरोप देतायत. तेवढ्यात सून दाराशी आली आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "निरोप नाही ताई. उंबऱ्याशी आले की त्यांचा पाय उचलत नाही. तुम्ही जा, होईल थोड्या वेळाने."

लिफ्ट आली. ते माझ्याकडे बघत होते.