शेवटच्या पेशंटचं वजन

बोरिवलीच्या आमच्या डायलिसिस सेंटरचा डेटाबेस एका सकाळी उघडेना. चार पेशंट ताटकळत होते. अंगातलं किती पाणी काढायचं, ते मागच्या वजनांवरून ठरतं. बॅकअप सॉफ्टवेअरवाला आला, चपला दाराशी काढल्या आणि साठवलेल्या बॅकअप प्रतीतून डेटा परत चढवला. ‘यशस्वी’ अशी हिरवी अक्षरं उमटली.

“झालं ना? मग उठा, पेशंट खोळंबलेत,” मी म्हटलं.

तो हलला नाही. “मॅडम, काल शेवटी कोण होतं?”

“कदम आजी. जाताना बावन्न किलो.”

परत चढवलेल्या डेटात आजींची कालची नोंदच नव्हती.

“सॉफ्टवेअर स्वतःला नापास करत नाही,” म्हणत त्याने त्यानंतरची बॅकअप फाइल शोधून चढवली. बावन्न दिसल्यावरच चपला घातल्या.

नाव विचारायचं राहिलं. शेवटच्या पेशंटचं वजन मात्र मी आता रोज कॅलेंडरवर लिहिते आणि दर सोमवारी बॅकअप जुन्या कॉम्प्युटरवर चढवून त्यातलं वजन कॅलेंडरशी ताडून बघते.