पहिली एसटी का थांबली?

इतिहासाच्या तासाला मुलं पेंगतात, हे मला कुणी सांगायला नको. पुंडलिकनगरातल्या आमच्या शाळेत मी तोच विषय शिकवते आणि माझा तास नेमका डब्याच्या सुट्टीनंतर असतो. म्हणून एकदा मी नववीच्या वर्गाला सांगितलं, "घरातली एखादी जुनी वस्तू आणा. वर्गातच प्रदर्शन मांडू. घरच्यांनाही बोलवा."

शनिवारी बाकांवर अडकित्ते, कंदील, तबकडीचा फोन असं बरंच काही आलं. एक मुलगी मात्र हात हलवत आली. तिच्या मागून धोतर आणि गुलाबी फेट्यातले तिचे आजोबा.

"तुझी वस्तू कुठंय?"

"हेच की, मॅडम. आमच्या घरात यांच्याहून जुनं काहीच नाही."

वर्ग खो खो हसला. आजोबांना मात्र ते अगदी मनापासून पटलं. कंदिलाशेजारच्या बाकावर ऐसपैस बसून ते म्हणाले, "हं, इचारा!"

आजोबा बिडकीनजवळच्या एका खेड्यातले. गावात पहिली एसटी आली तेव्हाची हकिकत त्यांनी सुरू केली. "समदं गाव म्याच गोळा केलं. हलगी, लेझीम, लई थाट. म्या रस्त्याच्या मधोमध उभा ऱ्हायलो, असा हात केला. गाडी थांबली. मंग म्या नारळ फोडला." मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तासाला टाळ्या! मी फळ्यापाशी उभी राहून उगाचच खूश होत होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सपशेल खोटं!"

वर्गातल्याच एका मुलाचे आजोबा नातवाचा कंदील बघायला आले होते. गाव तेच, यांच्या घरी मेंढरं. "गाडी माझ्या मेंढरांनी थांबवली. रस्त्यातच बसली व्हती. ड्रायव्हरनं हॉरनवर हॉरन वाजवले, एक बी उठलं नाय. अन् हा गडी तवा कुठं व्हता? लिंबाच्या झाडावर!"

"झाडावर व्हतो! गाडी लांबून दिसाया नको?"

"पण आजोबा, तुम्ही तर मधोमध उभे होता ना?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"दिसल्यावर उतरलो की, पोरी."

आवाज चढायला लागले तसा मी घाईनं चहा मागवला. चहा पिताना दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं: त्या गाडीचा कंडक्टर लई गुर्मीचा होता. मी लगेच संधी साधली. "बघा, एकमेकांशी भांडणारे दोन साक्षीदार जे सारखंच सांगतात, त्यावर जास्त भरवसा ठेवायचा."

"मॅडम, मग गाडी कशामुळं थांबली? परीक्षेत काय लिहायचं?"

"दोन्ही लिहा."

"अन् 'एका वाक्यात उत्तर द्या' असं आलं तर?"

घंटा झाली म्हणून मी वाचले. दोघे आजोबा एकाच रिक्षात बसून औरंगपुऱ्याकडे गेले, एकाला चष्मा घ्यायचा होता म्हणून. रिक्षा वळेपर्यंत भांडण ऐकू येत होतं.

मला खोडी करायची लहर आली. पुढच्या चाचणीत मी तो प्रश्न खरंच घातला, तोही एका वाक्यात. वर्गात सरळ दोन तट पडले, नारळवाले आणि मेंढरंवाले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं मात्र लिहिलं होतं, 'मेंढरं आडवी आली म्हणून एसटी थांबली आणि थांबलीच आहे तर आजोबांनी नारळ फोडून घेतला.'

मी पूर्ण मार्क दिले. स्टाफरूममध्ये गणिताच्या मॅडमनी ते वाचून विचारलं, "याला पुरावा काय?"

"दोघांनाही भेटलेय मी," एवढंच मी म्हणाले.

फेटेवाल्या आजोबांना मात्र हा निकाल मान्य नाही. त्यांनी नातीकरवी निरोप धाडला, "मास्तरीणबाईला म्हणावं, पेपर पुन्यांदा तपासा."