किनुएकाकूंच्या पाटातल्या गोगलगायी

लग्न होऊन मी या गावात आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी किनुएकाकूंनी मला झापलं. मागच्या पाटावर मी पालक धुवायला बसले होते. चपला काठावर काढून पाय पाण्यात सोडले होते. शेजारच्या आवारातून आवाज आला, "पाय बाहेर."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतायत.

"तुलाच म्हणतेय. डोंगरापलीकडची ना तू? तिकडे बसत असतील पाण्यात पाय घालून. इथे नाही. काढ बाहेर आणि खसाखसा पूस."

मी पाय पुसले. त्यांनी वाकून माझ्या घोट्यांवर पुरळ आलंय का ते पाहिलं आणि मग स्वतःचं नाव सांगितलं. किनुए होसाका, शेजारचं घर, काही लागलं तर हाक मार. ही १९६६ सालची गोष्ट. काकू तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या आणि गोगलगायी मारणाऱ्या बायकांच्या पथकाच्या मुकादम होत्या.

कामानाशी नदीच्या या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या एक रोग होता. आम्ही त्याला नुसतं 'इथला आजार' म्हणायचो. माणसाचं पोट पाण्याने नगाऱ्यासारखं फुगायचं आणि हातपाय काड्यांसारखे व्हायचे. काकूंचे वडील त्यानेच गेले, काकू बारा वर्षांच्या असताना. त्या सांगायच्या की लावणीच्या वेळी आई आणि वडील एकाच खाचरात, एकाच पाण्यात बरोबरीने उतरायचे. वडिलांचं पोट फुगलं. आईला काहीच झालं नाही, ती नव्वदीपर्यंत जगली. शेजाऱ्यांचा बैल मेला, पण त्याच गोठ्यातला घोडा ठणठणीत राहिला.

लहानग्या किनुएने शाळेत मास्तरांना याचं कारण विचारलं. मास्तरांनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं. जंत माणसाच्या रक्तात राहतो आणि तिथेच अंडी घालतो. अंडी शौचावाटे पाण्यात जातात. त्यातून निघालेलं पिल्लू एका ठरावीक जातीच्या गोगलगायीत शिरतं, तिच्या अंगात एकाची हजार होतात, मग ती पुन्हा पाण्यात उतरतात आणि जो कुणी पाण्यात उभा असेल त्याच्या कातडीतून आत जातात.

"मग चूक कुणाची? गोगलगायीची की आपली?" किनुएने विचारलं.

"दोघांपैकी एक जरी नसला तरी जंत जगत नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणजे कुणाची?"

"खाली बस."

हा प्रसंग काकूंनी मला निदान दहा वेळा सांगितला असेल. दर वेळी शेवटी विचारायच्या, "तुला कळलं का गं, फुसाए, त्यांना काय म्हणायचं होतं?" मला कळलं नव्हतं. पण नुसतं "नाही" म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

भातशेती सोडून माणसं जाणार कुठे? म्हणून गोगलगायींनाच संपवायचं ठरलं. ही गोगलगाय तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी, टोकदार, मातकट रंगाची. पाटाच्या काठच्या ओल्या मातीत बसली की दिसतच नाही. काकूंना दिसायची. शाळेत असल्यापासून त्या जेवायच्या काड्यांनी एकेक उचलून वाडग्यात टाकत. वाडगं भरलं की गावकचेरीत न्यायचं, तिथे जाळायचे. पुढे चुना आला, मग पाठीवर टाकी लावून काठ भाजून काढायचं यंत्र आलं, मग औषध आलं. मीही दोन वर्षं त्यांच्या पथकात होते. चुन्याने आमच्या बोटांची सालं निघायची. काकू आमच्या मागून चालत आणि आम्ही साफ केलेल्या जागेतून चार-पाच तरी काढून दाखवत. "ही बघ. ही काय तुझी मावशी लागते, म्हणून सोडलीस?"

औषध टाकलं त्या वर्षी पाटातले सगळे मासे उलटे होऊन तरंगले. काकूंचे यजमान तेइजीकाका संध्याकाळी बादली घेऊन मासे धरायला जायचे. त्या दिवशी ते रिकामी बादली घेऊन परत आले.

"तुझ्या गोगलगायी मेल्या की नाही ते माहीत नाही. बाकी सगळं मेलं," ते म्हणाले.

"पोट फुगलेलं चालेल का?"

"नाही."

"मग गप बसा."

"बसतो. पण यंदा काजवे येणार नाहीत एवढं सांगून ठेवतो."

काजवे आले नाहीत. त्या उन्हाळ्यात काकू रोज अंगणात येऊन पाटाकडे बघत उभ्या राहायच्या. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "मी बरोबर केलं ना?" मी म्हटलं, "बरोबरच केलंत." त्यावर त्या म्हणाल्या, "मग असं का वाटतंय?"

पुढे पाट सिमेंटचे झाले. पाणी जोरात वाहायला लागलं आणि गोगलगायीला धरून बसायला माती उरली नाही. खाचरं बुजवून लोकांनी पीच आणि द्राक्षं लावली. नवे रोगी येणं थांबलं. पण तेइजीकाका सत्तावन्नाव्या वर्षी यकृताच्या आजाराने पडले. डॉक्टरांनी यंत्रावरचं चित्र दाखवलं. यकृतभर मासे धरायच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा होत्या.

"जंत कधीच मेलेत, पण त्यांची अंडी यकृतात राहून गेली आहेत," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे रोग आहे की गेला?" काकूंनी विचारलं.

"रोग गेला. खुणा आहेत."

त्या खुणांनीच काका गेले. रोग गेला म्हणतात तर माणूस कशाने गेला, हे काकूंना पुढे कधीच नीट जुळवता आलं नाही. १९९६ साली सरकारने आजार संपल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन बसल्या, दोन कप चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला आनंद व्हायला हवा ना? आज दिवसभर वाट बघतेय."

खरी गोष्ट घडली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी. काकू एकोणऐंशीच्या होत्या. मे महिना होता. झाडावरची जादा कोवळी फळं खुडायचं काम चालू होतं आणि मी त्यांच्या बागेत मदतीला गेले होते. रबरी बूट घातलेली एक तिशीतली मुलगी कुंपणाशी आली. ओइकावा तिचं नाव, विद्यापीठातून आली होती. काकूंच्या बागेमागे मातीच्या जुन्या पाटाचा एक तुकडा शिल्लक होता, जेमतेम वीस पावलांचा, झऱ्याच्या पाण्यावर ओला राहणारा. तो बघायची परवानगी तिला हवी होती. काकूंनी दिली. अर्ध्या तासाने ती तळहात पुढे करून आली. हातावर तीन गोगलगायी होत्या.

काकूंनी एकदाच बघितलं आणि त्या शेडकडे वळल्या.

"आजी, कुठे निघालात?"

"चुना आणायला."

"थांबा ना. तेच सांगायला आले आहे. मारू नका."

काकू थांबल्या. ओइकावाने सांगितलं की ही गोगलगाय आता जगातून नाहीशी होत चाललेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. देशात दोन-तीन जागीच उरली आहे. आणि गेली तीस-चाळीस वर्षं हिच्यात जंत सापडलेला नाही.

"माझ्या बापाला खाल्लंय हिने," काकू म्हणाल्या.

"हिने नाही, जंताने."

"घर कुणी दिलं जंताला?"

"दिलं नाही, आजी. तो घुसायचा. गोगलगायीत शिरला की तो आधी तिची अंडी तयार होण्याची जागा खाऊन टाकायचा. तिला परत पिल्लं व्हायची नाहीत. लवकर मरायचीसुद्धा. तुमच्या वडिलांसारखीच तीही आजारी असायची."

काकू तिथेच फळांच्या क्रेटवर बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फुसाए, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं."

त्यांनी चुना टाकला नाही, पण गोगलगायी राहू देईन असंही कबूल केलं नाही. "विचार करते" म्हणाल्या. नंतरचे दोन आठवडे मी त्यांना रोज सकाळी त्या तुकड्याशी उकिडवं बसलेलं बघत होते. काड्यांनी गोगलगायी उचलून वाडग्यात घ्यायच्या, बघत बसायच्या आणि परत मातीवर ठेवायच्या. "तू काय केलं असतंस?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. या वेळी त्यांना बरं वाटलं नाही.

बातमी त्यांचे थोरले भाऊ साकुझो यांच्या कानावर गेली. ते पुलापलीकडे राहत. एका दुपारी ढकलगाडीवर चुन्याचं पोतं घालून ते आले.

"चल, उरकून टाकू."

"दादा, आज नको."

"का?"

"मला अजून कळलेलं नाही."

"मी त्र्याऐंशीचा झालो, किनु. तुला कळेपर्यंत मी काय जगतोय? बाबांचं पोट मी दाबून बघितलंय, तू नाही. शेवटी त्यांना कूस बदलता येत नव्हती. आणि तू त्या मुलीचं ऐकतेस?"

"तिचं नाही ऐकत."

"मग कुणाचं?"

काकू फक्त त्या अरुंद वाटेत उभ्या राहिल्या, आणि गाडी जाईल एवढी जागा बाजूला उरली नाही. दादांनी पोतं दारात उतरवलं, म्हणाले, "तुझं तू बघ," आणि रिकामी गाडी घेऊन परत गेले. त्या वर्षी पितरांच्या सणाला ते वडिलांच्या थडग्यावर एकटेच, सकाळी लवकर येऊन गेले.

शेवटी काकूंनी ओइकावाला बोलावून अट घातली. दर वर्षी गोगलगायी तपासायच्या, त्यांच्यासमोर, त्यांच्याच ओट्यावर. ज्या दिवशी एकीत जरी जंत दिसला, त्या दिवशी चुना. ओइकावा कबूल झाली. जूनमध्ये ती सूक्ष्मदर्शक घेऊन आली. काकूंनी स्वतः निवडून वीस गोगलगायी दिल्या. ओइकावाने त्या काचेवर चिरडल्या आणि काकूंना बघायला बसवलं. ज्याच्यामागे त्यांनी जन्म घालवला होता तो जंत त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता.

"काय दिसतंय, आजी?"

"पाणी. चिंध्यांसारखं काहीतरी."

"म्हणजे नाहीये."

"नसला की असं दिसतं का?" काकूंनी डोळा बाजूला घेतला नाही. "मग असला की कसं दिसलं असतं?"

ओइकावाने पुस्तकातलं चित्र काढून दाखवलं. शेपटीला दोन फाटे फुटलेलं इवलंसं पिल्लू. काकू म्हणाल्या, "एवढंच?" आणि पुन्हा काचेत बघत राहिल्या. त्या वीस मेलेल्या गोगलगायींचं त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटत होती.

असं सहा वर्षं चाललं. सहाही वर्षं जंत निघाला नाही. दादांशी बोलणं चौथ्या वर्षी सुरू झालं, ते आजारी पडले तेव्हा. काकू रोज पुलापलीकडे पेज घेऊन जायच्या. पाटाचा विषय दोघांनीही काढला नाही. दादा गेले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, २०१७ च्या हिवाळ्यात, काकूही झोपेत गेल्या.

काकूंचा मुलगा तोक्योत राहतो. त्याने बाग आम्हाला कसायला दिली आणि तो तुकडा विद्यापीठाला अभ्यासासाठी वापरू द्यायचा कागद केला. त्यावर सही करायला आला तेव्हा त्याची मुलगी बरोबर होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी. काठावर बसून तिने गोगलगायी शोधल्या. तिला एकही दिसली नाही. मी बोटाने दाखवल्या.

"आजीला आवडायच्या का या?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे राग होता?"

मी त्यातली एक उचलून तिच्या तळहातावर ठेवली. ती तिच्याकडे बघत बसली, मग बापाने हाक मारली तशी तिने गोगलगाय परत मातीवर ठेवली आणि उठून गेली.