बेळगाव, विमानानं चार बोटं

जगातली कुठलीही दोन गावं एकमेकांपासून लांब नसतात, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो राहत होता नवघरात, जिथून भाईंदर स्टेशन गाठायचं तर पावसाळ्यात अर्धी वाट चपला हातात घ्याव्या लागत. आमच्या शेजारचे काका. मूळचे रत्नागिरीकडचे, मिठागरावर मुकादम. सांताक्रूझहून सुटलेलं विमान डोक्यावरून गेलं की हातातलं काम टाकून ते वर बघत आणि ते कुठे निघालंय हे जाहीर करत. त्यांना खोटं ठरवायला आमच्यातलं कोण वर जाणार होतं? घरात भिंतीवर नकाशा होता. त्यावर काकूंच्या शिवणाचा दोरा ताणायचा, तो बोटांनी मोजायचा आणि निकाल द्यायचा. गुजरातेतलं भावनगर ते केशोद दोन बोटं, म्हणजे पाऊण तास. सांताक्रूझ ते बेळगाव चार बोटं, दीड तास. कोकणातून अंग मोडून आलेल्या पाहुण्याला पाणी देण्याआधी, तो विमानानं किती लवकर आला असता हे ते ऐकवत.

या दोऱ्यानंच त्यांनी लेकीचं लग्न ठरवलं. शालूला दोन स्थळं आली होती, एक महाडचं, एक बेळगावचं. महाडला विमानतळ नाही, म्हणून काकांच्या लेखी महाड लांब. विमानात बसणार कोण, म्हणून काकू रडल्या. काका म्हणाले, "अगं, वेळ आली तर दीड तासात लेकीपाशी उभा राहीन."

वेळ आली ती ऐन आषाढात. शालू बाळंतपणात अत्यवस्थ असल्याची तार आली. काकूंचं म्हणणं, मिळेल ती गाडी पकडा. काकांनी उसनवारी करून दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट काढलं. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर बेळगावावर पोचलं. पण खाली ढग इतके दाटले होते की उतरता येईना. बराच वेळ घिरट्या घालून ते सगळ्यांना घेऊन सांताक्रूझला परत आलं. मग काका गाडीनं गेले. ते पोचले तेव्हा शालूला आणि तिच्या बाळाला स्मशानात पोचवून मंडळी घरी परतली होती.

मी भेटायला गेलो. काकाच म्हणाले, "दीड तास बरोबर लागला रे. मी तिच्या डोक्यावरच होतो. खाली ढग होते."

काकू त्यांना कधीच काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. नकाशा मात्र भिंतीवरून गेला.

बऱ्याच वर्षांनी माझी कोल्हापूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा जुने काका एकदा बघावेत, म्हणून मीच विचारलं, कोल्हापूर विमानानं किती बोटं? त्यांचा हात सवयीनं वर आला. मग त्यांनी बोटं हळूच मिटली.

"एसटीनं जा बाबा," ते म्हणाले. "ती उतरवते तरी."

मिठागराच्या बांधापर्यंत ते मला पोचवायला आले. डोक्यावरून एक विमान गेलं. ते कुठे निघालंय, हे कोणीच सांगितलं नाही.