खालूंची उमेदवारी

अर्जुनी मोरगावात ज्या दारावर माझ्या खालूंची थाप पडलेली नाही, ते दार अजून सुताराकडेच असणार. खालू म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धंदा शिंप्याचा, पण जीव सगळा लोकांना नमाजाला बोलावण्यात. असरची, म्हणजे दुपार कलतानाची नमाज झाली की शिलाई मशीन असेल तिथे थांबायची आणि कानात अत्तराचा फाया खोचून खालू मोहल्ल्याच्या फेरीला निघायचे. एकदा मुलाच्या लग्नासाठी कुडता शिवायला टाकलेले एक पोवार काका दुकानात येऊन कडाडले, "काऊन जी मियाभाई, माह्या कुडत्याले एकच बाही काऊन?" खालू चपला घालत शांतपणे म्हणाले, "दूसरी शाम को, मगरिब की नमाज के बाद. अभी अल्लाह का काम है."

त्यांना चुकवण्यात मोहल्ला तरबेज झाला होता. एक तरुण तर त्यांची चाहूल लागताच पलंगाखाली शिरायचा. खालूंना ते ठाऊक होते. ते त्याच पलंगावर बसून नमाजाचे महत्त्व सविस्तर सांगायचे आणि निघताना म्हणायचे, "निकल आ बेटा, नीचे मच्छर होंगे." कुणाच्या घरी आजारी माणूस दिसला की मात्र ते बोलावणे विसरत आणि त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेत.

ही सारी दारे आमच्या जमातीच्या अध्यक्षांच्या नजरेत भरली. नगरपंचायतीची निवडणूक आली होती. "हर घर में आपका आना-जाना है. आप खडे हो जाओ," ते म्हणाले. खालू हसले. पण अध्यक्षांनी कब्रस्तानाच्या रस्त्याची गोष्ट काढली. पावसाळ्यात तिथे धानाच्या बांधीसारखा चिखल होतो, जनाजा नेताना खांदेकरी घसरतात. निवडून आलात तर रस्ता होईल, म्हटल्यावर खालूंनी अर्ज भरला.

प्रचार पाहण्यासारखा होता. खालू दारात उभे राहून जीव तोडून बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "तो फिर, जुमे को मस्जिद में मिलते हैं." अध्यक्ष कोपराने ढोसायचे, "वोट, वोट!" मग खालू ओशाळून म्हणायचे, "हां, वो भी."

अशातच गल्लीच्या टोकाच्या एका म्हाताऱ्या बाईंचा कर्ता मुलगा गेला. दफनानंतर दुसऱ्या दिवशी खालू नेहमीसारखे त्यांच्याकडे पुरशाला, म्हणजे सांत्वनाला, बसायला गेले. मी सोबत होतो. बाईंनी दार अर्धेच उघडले. पदराने डोळे पुसले आणि खालू काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "मालूम है भाईजान, वोट आपकोच देंगे. अभी तबीयत ठीक नहीं." आणि दार हळूच लागले.

खालू बराच वेळ त्या दारापुढे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी अर्ज मागे घेतला.

अध्यक्ष तणतणत दुकानात आले. "और कब्रस्तान का रस्ता?"

"रस्ता मांगता रहूंगा. पर उस दरवाजे पे मैं पुरसे को गया था साहब, और उसने मुझसे वोट की बात की," खालू म्हणाले. "कसूर उसका नहीं था."

त्या संध्याकाळी ते पुन्हा बाईंकडे गेले. "अब काहे को आए?" त्यांनी विचारले. "बैठने को," खालू म्हणाले. बाईंनी ओसरीवर चटई टाकली.

निवडणूक दुसऱ्याच कोणी जिंकली. खालू आता असरनंतर आधी नगरपंचायतीत जातात. तिथले साहेब त्यांना पाहून मागच्या दाराने निघतात म्हणे. रस्ता अजून झालेला नाही. गेल्या पावसाळ्यात एक जनाजा पोहोचवून खालू आमच्या अंगणात आले. गुडघ्यापर्यंत चिखल. मी तांब्याने पाणी ओतत होतो, ते खाली वाकून पाय चोळत होते. मध्येच हात थांबवून त्यांनी विचारले, "बेटा, मैं खडा रहता तो रस्ता हो जाता क्या रे?"

मी पाणी ओतत राहिलो.